बापूजीची उडी

सौंसरात बापूजी ढोके म्हटलं की दुसरी ओळख लागत नसे. घाटातला बापूजी. सिल्लेवानीच्या घाटात ब्रेक फेल झालेला मटाराचा ट्रक ज्यानं स्टेअरिंग न सोडता खडी-गिट्टीच्या ढिगात घालून जागेवर आणला, तो. ही गोष्ट गावानं इतक्या वेळा ऐकली होती की सांगणारा एखादं वळण विसरला तर ऐकणाराच आठवण करून द्यायचा.

गोष्ट खोटी होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कोडी घालायची हौस ज्यांना आहे त्यांनी घालावीत. पुढं जे झालं ते कळायला एवढं ठाऊक असणं भाग आहे.

झालं होतं असं. अठ्ठ्याण्णव सालचा जानेवारी. बापूजी जबलपूरहून मटाराची पोती भरून नागपूरकडे निघाला होता. क्लीनर तापानं फणफणत होता म्हणून त्याला छिंदवाड्यालाच उतरवलं होतं, तेव्हा गाडीत एकटा. घाट सुरू झाला, तिसऱ्या वळणावर ब्रेकचा पायटा तळाला गेला आणि वर आलाच नाही. लोक म्हणतात अशा वेळी बायको आठवते, पोर आठवतं, देव आठवतो. बापूजीला कोणीही आठवलं नाही. त्याला भीती वाटली, त्यानं दार उघडलं आणि उडी मारली. ट्रक तसाच पुढं गेला, डोंगराच्या अंगाला घासला आणि रस्त्याच्या कामासाठी टाकलेल्या गिट्टीच्या ढिगात नाक खुपसून उभा राहिला. बापूजी सोललेल्या कोपरांनी धावत खाली गेला आणि गाडीत चढून बसला. उभं राहवत नव्हतं, बसायला दुसरी जागा नव्हती, म्हणून बसला. आधाराला हाताशी जे होतं ते धरलं. ते स्टेअरिंग होतं.

तेवढ्यात रामाकोन्याची चार माणसं जीपनं वर येत होती. त्यांनी पाहिलं ते हे. त्यांतला एक ओरडला, "अबे, यानं स्टेअरिंग नाही सोडलं!" बापूजी काहीच बोलला नाही. त्या न बोलण्यावर पुढची सत्तावीस वर्षं उभी राहिली.

आता कोणी म्हणेल, जीव वाचवायला उडी मारली, त्यात लाजायचं काय? तो माणूस आमच्या पट्ट्यातला नाही. पांढुर्ण्यापासून सौंसरपर्यंत संत्र्याच्या गाड्या चालवणाऱ्यांत एक रीत होती. ज्यानं गाडी सोडून उडी मारली, त्याच्या हातात पुन्हा कोणी चावी देत नसे. त्याला 'उडीवाला' म्हणत, आणि ते नाव सोयरीक जुळवायच्या वेळेपर्यंत पाठ सोडत नसे. उलट जो बसून राहिला त्याला डोक्यावर घेत. बापूजीला डोक्यावर घेतलं. गाडीचे मालक रघुनाथराव, पांढुर्ण्याचे मोठे ट्रान्सपोर्टवाले, त्यांनी संत्रा मंडीत भरसभेत शाल-नारळ दिला आणि सौंसरात आपल्या गोदामामागची घरापुरती जागा बापूजीच्या नावे करून दिली. त्या जागेवर बापूजीचं घर उभं राहिलं. दरवर्षी त्या तारखेला तो जामसांवलीला जाऊन मारुतीपुढं नारळ फोडायचा. लोकांना वाटायचं, उपकाराची आठवण ठेवतो. खरं म्हणजे तो माफी मागायचा, पण देवाशिवाय कोणाजवळ मागायची त्याची छाती नव्हती.

पहिली काही वर्षं तो नुसता गप्प राहायचा. मग हळूहळू स्वतःच गोष्ट सांगू लागला. खोटं शंभरदा सांगितलं की सांगणाऱ्यालाही त्यातली वळणं दिसायला लागतात. रोशन, त्याचा एकुलता एक पोरगा, ही गोष्ट ऐकत जेवला आणि ऐकत झोपला. बारावीनंतर अंबाबाई, त्याची आई, म्हणाली होती, मास्तर हो, पटवारी हो. पोरगा म्हणाला, मी ड्रायव्हर होतो. आई गेली, पोरगा ड्रायव्हर झाला. झाला तोही असा की पाच वर्षं नागपूर-कलकत्ता करून एका एजंटमार्फत थेट पोलंडला गेला. आता तो तिकडच्या कंपनीचा चाळीस टनी ट्रक आल्प्सच्या डोंगरांतून चालवत होता, आणि त्याची बायको अश्विनी, मोहगावची लेक, बी. ए. झालेली, सासऱ्याला सांभाळून सौंसरात राहत होती.

त्या डोंगरात एक बोगदा होता. एका तोंडाला एक देश, दुसऱ्या तोंडाला दुसरा. देशांची नावं रोशननं पन्नासदा सांगितली होती, पण बापूजी 'इकडचा देश' आणि 'तिकडचा देश' एवढंच म्हणायचा. बारा-तेरा किलोमीटर लांब. रोशनला महिन्यातून तीन-चारदा त्यातून जावं लागे, आणि जाताना तो घरी व्हिडिओ कॉल लावी. तिकडे फोन हातात धरला तर दंड होतो, म्हणून समोरच्या काचेला चिकटवलेला असायचा. बोगद्याच्या पोटातही नेटवर्क पुरतं असे. आपल्या सिल्लेवानीत आजही दोन कांड्या आल्या तर नशीब.

बापूजीला त्या बोगद्याचं वेड लागलं होतं. डिसेंबरातल्या एका दुपारी त्यानं मुद्दाम रघुनाथरावांना बोलावून घेतलं. रघुनाथराव आता पंच्याहत्तरीचे, धंदा पुतण्यांनी घेतलेला, वेळ जाता जात नाही. ते पांढुर्ण्याहून गाडी करून आले. अंगणात दोन खुर्च्या टाकल्या, फोन स्टीलच्या डब्याला टेकवून स्टुलावर उभा केला. अश्विनी चहा घेऊन आली आणि दाराशी उभी राहिली. आपल्याकडे चार वाजत होते, तिकडे साडेअकरा.

"नमस्कार मालक!" रोशन स्क्रीनवर हसला. दाढी वाढली होती, गाल भरले होते. "कसे हाय तुमी? हे पाहा, टोलनाकं आलं. एका खेपेचा टोल ऐकसान तर चक्कर येईन."

"किती रे?" रघुनाथरावांनी विचारलं. रोशननं आकडा सांगितला. रघुनाथरावांनी कानाला हात लावला. "बापू, एवढ्यात तर आपली गाडी जबलपूरले चार चक्कर मारून येत होती."

"अन् हा कागद देतेत पाहा दर खेपेले." रोशननं एक घडीचा कागद कॅमेऱ्यापुढं धरला. त्यावर चित्रं होती. दोन ट्रकांच्या मधलं अंतर, रेडिओ, आणि एक हिरवा माणूस दरवाजाकडे पळताना. "भिंतीवर निळे दिवे हायेत. समोरच्या गाडीत अन् आपल्यात दोन दिव्यांची जागा ठेवा लागते. आग लागली तर चाबी तशीच सोडून उतरा म्हणतेत, अन् त्या हिरव्या दरवाज्यात जा. आतमंदी खोली हाय, साफ हवा."

"चाबी गाडीतच सोडून?" बापूजी हसला. "अन् गाडी कोनाच्या भरोशावर?"

"ते त्यायचे नियम, बाबा."

"नियम हायेत बापा, नियम," रघुनाथराव म्हणाले. "तिकडच्या पोट्ट्यायले गाडीची माया नसते." तिघंही हसले. अश्विनी हसली नाही. तिनं कागदावरचं चित्र नीट पाहून घेतलं होतं.

ट्रक बोगद्यात शिरला, तसा रोशननं बोटानं फोनचा कॅमेरा समोरच्या रस्त्याकडे केला. बाहेरचा बर्फ, उजेड, सगळं मागं राहिलं. पिवळे दिवे एकामागून एक काचेवरून सरकू लागले, मध्येच एखादा निळा. समोर एक पांढरा ट्रक चालला होता, त्याच्या मागच्या दारावर कसलंसं निळं अक्षर. रोशन दोन दिव्यांचं अंतर राखून होता. बापूजी खुर्चीत पुढं सरकून बसला होता. मालकांना एकेक गोष्ट अशी समजावत होता की जणू बोगदा त्यानंच खोदला आहे.

"आता पाहा, बरोबर मधात एक पाटी येईन. तेथून दुसरा देश लागते. ना पासपोर्ट, ना पोलीस. पाटी गेली का देश बदलला."

पाटी आली आणि गेली. रघुनाथरावांनी कौतुकानं मान हलवली. "आपले पोट्टे कोठच्या कोठी गेले, बापू."

त्यानंतर थोड्याच वेळानं समोरच्या पांढऱ्या ट्रकच्या खालून धूर येताना दिसला. आधी पातळ, पांढरा. ट्रक हळू झाला, दोन्ही बाजूंचे दिवे लुकलुकायला लागले, आणि तो थांबला.

"बाबा, समोरची गाडी बंद पडली," रोशन म्हणाला. त्यानंही वेग कमी केला.

इथं बापूजी पहिल्यांदा चुकला. घाटात गाडी बंद पडली की मागच्यानं लांब उभं राहायचं नसतं. जवळ जायचं, तिच्या पाठीला आपली गाडी लावायची, म्हणजे ती मागं घरंगळत नाही आणि तिच्या ड्रायव्हरला धीर येतो. आमच्या रस्त्यावर हे कोणी शिकवत नाही, ते आपोआप येतं. बापूजी सवयीनं बोलून गेला, "जाऊन लाग त्याच्या पाठीले. जोडीदार हाय आपला. दूर काहून उभा राहतो?"

रोशननं गाडी पुढं घेतली. एक निळा दिवा मागं गेला, दुसराही गेला. तो पांढऱ्या ट्रकच्या अगदी जवळ जाऊन थांबला. त्याचा ड्रायव्हर खाली उतरला होता, हातवारे करून काही ओरडत होता, मग तो पलीकडच्या बाजूला पळत गेला आणि पुन्हा दिसला नाही. धूर पांढऱ्याचा करडा झाला आणि करड्याचा काळा. छताखालून तो लोळ रोशनच्या ट्रकवरून मागच्या बाजूला जाऊ लागला. मागं कुठं तरी भोंगा वाजत होता. एक बाई यंत्रातून तेच तेच वाक्य वेगवेगळ्या भाषांत म्हणत होती.

"का म्हणते रे ते?" बापूजीनं विचारलं.

"उतरा म्हणते." रोशन आरशात पाहत होता. "मांगच्या कारवाले उतरून राहिले. एक बुढा-बुढी हाय, हात धरून चालले."

अश्विनी दारातून धावत आली. "अहो, तुमी बी उतरा! त्या कागदावर होतं ना, हिरवा दरवाजा! कोठी हाय दरवाजा?"

"मांगं राहिला. शंभर-दीडशे मीटर असंन. आता धूर खाली येऊन राहिला ना पण." त्यानं कॅमेरा पुन्हा आपल्याकडे वळवला. त्याच्या आवाजात अजून भीती नव्हती, नुसता विचार होता. "काचा बंद हायेत. आत हवा ठीक हाय. बाबा, काय करू? बसू का उतरू?"

तिघांनी बापूजीकडे पाहिलं. पोरगा काचेतून पाहत होता, सून डोक्यावरचा पदर सावरायचं विसरून पाहत होती, आणि मालक पाहत होते.

"काय करू म्हणून इचारते का बे?" रघुनाथराव फोनकडे वाकून म्हणाले, मायेनंच म्हणाले. "कोनाचा पोरगा होय तू? बापानं सिल्लेवानीत स्टेअरिंग सोडलं का? घाबरू नोको."

"काका, तसं नका बोलू," अश्विनी म्हणाली. "ते लोक उतरा म्हणून राहिले, त्यायले समजते."

"बाई, गाडीचं गाडीवाल्याले समजते. बापूले बोलू दे."

बापूजीच्या मनात त्या वेळी काय होतं, हे नंतर त्याला स्वतःलाही धड सांगता आलं नाही. त्याला तिसरं वळण दिसत होतं, तळाला गेलेला पायटा दिसत होता, उघडं दार दिसत होतं. उतर, हा शब्द जिभेवर आला होता. पण उतर म्हटलं की पोरगा विचारणार, तुम्ही नाही उतरले ते? आणि मालक दोन हातांवर बसलेले, त्यांनी दिलेल्या जागेत, त्यांनी दिलेल्या नावावर. शिवाय असंही वाटलं, की काचा बंद आहेत, गाडी मोठी आहे, तिकडचे लोक हुशार आहेत, विझवणारे येतीलच. माणसाला पळवाट हवी असली की ती सापडतेच.

"बस गाडीत," तो म्हणाला. "काचा लावून बस. आग बुझवनारे येतीन."

"हो, बाबा," रोशन म्हणाला आणि त्यानं आतली हवा आतच फिरवायचं बटण दाबलं. बापाचं ऐकल्यावर त्याचा चेहरा मोकळा झाला. हे अश्विनीनं पाहिलं.

ती फोनवर झेपावली. "नाही! तुमी उतरा, आत्ताच्या आत्ता उतरा, माझी शपथ हाय!" रघुनाथरावांनी तिला हातानं थोपवलं. "अवो, त्याले गडबडवू नोको ना!" रोशन तिकडून म्हणाला, "अशू, रडू नोको. मी ठीक हाय. आतमंदी काही नाही."

दोन मिनिटं तो बोलत राहिला. कंपनीला मेसेज टाकला म्हणाला. मग म्हणाला, समोर काहीच दिसत नाही. मग खोकला. स्क्रीनवर काचेबाहेर नुसता काळोख होता, त्यात कुठं तरी लाल. दिवे गेले होते. गाडीतला छोटा दिवा रोशनच्या कपाळावर पडत होता आणि कपाळ घामानं चमकत होतं.

"बाबा, गरम होऊन राहिलं," तो म्हणाला.

"पानी पी," बापूजी म्हणाला. हे असलं काही तरी तो म्हणाला.

"वास येऊन राहिला आता आतमंदी."

रोशननं 'काय करू' विचारल्याला सात मिनिटं झाली होती. अश्विनीनं नंतर हिशेब लावला म्हणून ठाऊक. सातव्या मिनिटाला रोशन असा खोकला की त्याला श्वास घेता येईना, आणि बापूजी खुर्चीतून उठला. उठताना स्टूल कलंडलं, फोन मातीत पडला. त्यानं तो दोन्ही हातांनी उचलला आणि तोंडाजवळ धरून ओरडला.

"उतर! रोशन, उतर गाडीतून! पळ!"

"आता कोठी जाऊ, बाबा? दिसत नाही..."

"भिंतीले हात लाव अन् मांगं जा! खाली वाकून जा! सोड ते गाडी!"

"तुमी त..." रोशन खोकत होता. "तुमी नाही सोडली..."

"सोडली होती बे! मी उडी मारली होती! अरे, तिसऱ्या मोडावरच उडी मारली होती मी! गाडी आपली आपली थांबली! मी बेइमान हाय, खोटारडा हाय, मी भेलो होतो! आईची शपथ, जामसांवलीच्या मारुतीची शपथ! उतर रे राजा, उतर!"

रघुनाथराव खुर्चीत तसेच राहिले, त्यांच्या हातातली बशी वाकडी झाली होती. आणि फोनमधून पोरगा हसला. खोकल्याच्या मधोमध, दम लागलेला असताना, तो हसला.

"बाबा... माह्यासाठी खोटं बोलून राहिले तुमी... मले नाही का समजत..." मग बराच वेळ नुसता खोकला. "मी नाही भेत, बाबा. तुमी काळजी नोका करू."

बापूजी ओरडत राहिला. खरं आहे, खरं आहे, असं ओरडत राहिला. शेजारची माणसं कुंपणाशी जमली. चित्र थिजलं, त्यावर एक गोल फिरत राहिला, आणि कॉल तुटला.

आग विझायला दीड दिवस लागला. रोशन आपल्या जागेवर, पट्टा लावलेला, असा सापडला. आग त्याच्या गाडीपर्यंत नंतर आली, त्याआधी धुरानंच काम केलं होतं. बोगद्याच्या मधोमधची ती जागा, त्यामुळे कागदपत्रं कोणत्या देशानं करायची यावर दोन्ही देशांच्या कचेऱ्या एकमेकांकडे बोट दाखवत राहिल्या. एकोणीस दिवसांनी पेटी नागपूरच्या विमानतळावर उतरली. पेटीसोबत एक लांबलचक पत्र होतं. अश्विनीनं ते इंग्रजीतून वाचून काढलं. त्यात लिहिलं होतं की रोशनच्या मागच्या गाड्यांतली सतरा माणसं चालत दरवाजापर्यंत पोचली आणि सगळी वाचली. सर्वांत म्हातारा माणूस एक्क्याऐंशी वर्षांचा होता, तो बायकोचा हात धरून गेला. शेवटचा माणूस आत शिरला तो रोशननं 'काय करू' विचारल्यानंतर पाच मिनिटांनी. तिनं फोनमधली वेळ आणि पत्रातली वेळ शेजारी शेजारी लिहून पाहिली आणि कागद घडी करून ठेवला.

अंत्ययात्रेला पांढुर्ण्याहून चाळीस ट्रक आले. प्रत्येकाच्या बोनेटवर काळी फीत. बसस्टँडवर रोशनचा फोटो लावलेला मोठा फ्लेक्स लागला, खाली लिहिलं होतं, 'बापाचा वारसा, अखेरपर्यंत स्टेअरिंग सोडलं नाही.' बापूजीनं तो वाचला आणि फाडायला हात घातला. चौघांनी धरून त्याला घरी आणलं. दुःखानं डोकं फिरलं बिचाऱ्याचं, असं म्हणत आणलं.

मग तो सांगत सुटला. जो भेटायला येई त्याला सांगे, मी उडी मारली होती. माझ्या पोराला मी मारलं. लोक खाली मान घालून ऐकत, पाठीवर हात ठेवत, आणि उठून जाताना एकमेकांना म्हणत, काय काळीज आहे बापाचं. कारण रघुनाथरावांनी गोष्ट आधीच सांगून ठेवली होती. ते स्वतः हजर होते, त्यांच्याहून मोठा साक्षीदार कोण? बापूनं पोराला वाचवायला काय केलं ठाऊक आहे? स्वतःच्या नावाला काळं फासलं. सत्तावीस वर्षांची इज्जत एका क्षणात मातीत टाकली, की पोरगा उतरावा. असा बाप पाहिला का कोणी? यात रघुनाथरावांचं ढोंग नव्हतं. माणूस मनापासून बोलत होता. त्यांना तसंच वाटत होतं.

अशानं जुनी गोष्ट मिटायच्या ऐवजी दुप्पट मोठी झाली. बापूजीनं मालकांचे पाय धरले. म्हणाला, मालक, ही जागा परत घ्या, मी उडीवाला आहे. रघुनाथरावांनी त्याला उठवून छातीशी धरलं. "बस कर बापू. पोरगा गेला, आता त्याच्यापायी अजून किती जळशीन?"

एकच माणूस होतं ज्यानं काही म्हटलं नव्हतं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मांडव निघाला, पाहुणे पांगले, तेव्हा बापूजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन बसला. अश्विनी आत तांदूळ निवडत होती.

"पोरी," तो म्हणाला, "तुले तरी खरं वाटते का?"

"हो, मामाजी," ती म्हणाली. तिनं ताटातून मान वर केली नाही. "तुमी उडी मारली होती. मले त्याच वक्ती समजलं. खोटं बोलनारा मानूस तसं नाही बोलत."

बापूजीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. एवढ्या दिवसांत त्याला पहिल्यांदा श्वास आल्यासारखा वाटला. "मंग सांग ना त्यायले. तुझं ऐकतीन. तू तेथी होती. मालकाले सांग, लोकायले सांग. मले उडीवाला म्हनू दे, थुंकू दे माह्यावर. माह्यानं हे सहन नाही होत."

अश्विनीनं एक खडा वेचून बाजूला टाकला. मग दुसरा.

"नाही सांगत," ती म्हणाली.

"काहून, माय?"

"सांगितलं त लोक थुंकतीन. दोन-चार महिने थुंकतीन, मंग इसरून जातीन. अन् तुमी मोकळे होसान." आता तिनं त्याच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, तो असता तर बापूजीला सोसला असता. "सात मिनिटं होती मामाजी तुमच्यापाशी. मी मोजले. ते त्या गाडीतून मोकळे नाही झाले, मंग तुमी काहून होता?"

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. रघुनाथराव नागपूरच्या दोन पाहुण्यांना घेऊन आले होते, कुठल्या तरी ट्रान्सपोर्ट संघटनेची माणसं, हातात शाल आणि नारळ. अश्विनी उठली, पदर डोक्यावर घेतला आणि पाण्याचे तांबे-पेले घेऊन बाहेर गेली. बापूजीला दोघांनी हात धरून खुर्चीवर बसवलं. रघुनाथराव पाहुण्यांकडे वळले आणि सिल्लेवानीच्या तिसऱ्या वळणापासून त्यांनी सांगायला सुरुवात केली. बापूजीनं एकदा सुनेकडे पाहिलं. ती पाहुण्यांना पाणी देत होती. सांगताना रघुनाथराव गिट्टीचा ढीग विसरले, तेव्हा पाहुण्यांनी विचारलं, मग गाडी थांबली कशी, आणि सगळे उत्तरासाठी बापूजीकडे पाहू लागले.